गोष्ट अडू द्या: लहान मुलांच्या वर्गात गोष्टीतून शिकवण्याच्या आठ पायऱ्या

गोष्ट सांगून झाली. मुलं रंगलीसुद्धा. मग ताईंनी विचारलं, "या गोष्टीतून आपण काय शिकलो?" दोघातिघांनी पाठ असलेलं उत्तर दिलं: "खोटं बोलू नये." गोष्टीत कोणी खोटं बोललंच नव्हतं. त्यानंतर सगळ्यांना चिमणीचं छापील चित्र मिळालं, सगळ्यांनी ते रंगवलं आणि भिंतीवर तीस सारख्या चिमण्या लागल्या.

हे इतक्या वर्गांत पाहिलंय, आणि स्वतःही इतकी वर्षं केलंय, की शेवटी सविस्तर लिहायला बसले. इथे गोष्टीत खोट नाही, मुलांतही नाही. घोळ क्रमाचा आहे. आपण गोष्ट आधी संपवतो आणि कृती नंतर देतो. गोष्ट संपली की तिच्यातली अडचणही सुटते. मग मुलांनी डोकं कशासाठी चालवायचं? उरतं ते रंगकाम.

खालची पद्धत ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. एका गोष्टीला ५ दिवस, रोज ३० ते ४० मिनिटं. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलंय, सगळ्यांना माहीत असलेलं: कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं.

## १. विषयावरून नव्हे, अडचणीवरून गोष्ट निवडा

पाऊस शिकवायचाय म्हणून पावसाची गोष्ट, प्राणी शिकवायचेत म्हणून सिंहाची, अशी निवड केली की गोष्ट धड्याला वरून चिकटवल्यासारखी राहते. त्यापेक्षा गोष्ट वाचून दोन प्रश्न विचारा. यात कोण कुठे अडतं? आणि ती अडचण पाच वर्षांचं मूल हातात वस्तू घेऊन सोडवायला बघेल का?

म्हातारी भोपळ्यात बसून निघते. भोपळा कुठल्या उतारावरून घरंगळेल, कुठे रुतेल, चपटा असता तर? हे करून बघता येतं. सिंह जाळ्यात अडकतो. कोणती दोरी कशाने तुटते, कोणती गाठ ओढल्यावर घट्ट होते? हेही जमतं. लांडगा आल्याची खोटी हाकाटी देणाऱ्या मुलाच्या गोष्टीत मात्र अडचण विश्वासाची आहे. गप्पांना ती उत्तम, पण या पद्धतीला नाही. ससा-कासवाचंही तसंच. अंतर पावलांनी मोजायला लावून मी ती ओढूनताणून बसवून पाहिली आहे. मुलांना मोजण्यात काडीचा रस नव्हता, त्यांना फक्त पळायचं होतं.

तपासा: अडचण एका वाक्यात सांगता येते का? "कावळ्याला पावसात टिकेल असं घर हवंय." इतकं सरळ सांगता आलं नाही तर दुसरी गोष्ट घ्या.

मुलांना गोष्ट आधीच माहीत असेल तर? असतेच. बिघडत नाही, फक्त अडचण एक पाऊल पुढे सरकवा. कावळ्याचं घर वाहून गेलं, हे माहीत आहे. चिमणीचं मेणाचं टिकलं, हेही माहीत आहे. पण आता कावळ्याला *नवं* घर बांधायचंय आणि घरभर पुरेल इतकं मेण त्याच्याकडे नाही. याचं उत्तर कुठल्याही आजीच्या गोष्टीत नाही, त्यामुळे "मला माहितीय, मला माहितीय!" म्हणणारी मुलंही कामाला लागतात.

## २. शिकण्याचा धागा एकच ठेवा

नियोजनाच्या वहीत भाषा, गणित, परिसर, कला, मूल्यं असे रकाने असतात आणि प्रत्येक रकाना भरायचा म्हणून एका चिमणीवर पाच कृती लादल्या जातात. चिमण्या मोजा, चिमणीचं गाणं म्हणा, 'च' गिरवा. गोष्ट बिचारी गुदमरते.

एक कल्पना आणि पाच शब्द एवढंच ठरवा. आपल्या उदाहरणात कल्पना अशी: काही वस्तूंतून पाणी आत जातं, काहींतून जात नाही. शब्द असे: *भिजणं, झिरपणं, मुरणं, ओघळणं, टिकणं.* मोजणी, लेखन, चित्र हे सगळं ओघात येतं. त्यासाठी वेगळी कृती लावावी लागत नाही.

शब्द आधी ठरवायचे कारण ते गोष्टीत मुद्दाम पेरायचे असतात. "पाऊस आला आणि घर पडलं" असं सांगून टाकलं तर संधी गेली. "पाणी छपरातून झिरपलं, भिंतीत मुरलं, खाली ओघळलं" असं सांगा आणि तिन्ही शब्दांना हाताची तीन वेगळी हालचाल द्या. झिरपताना बोटं हळूहळू खाली, मुरताना तळवा दाबून, ओघळताना हात सरसर खाली. ज्यांची घरची भाषा वेगळी आहे त्या मुलांना या हालचालींचाच पहिला आधार असतो.

## ३. साहित्य जमवा आणि स्वतः करून बघा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आधी माझी फजिती सांगते. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घेतली होती. बरणीत तळाशी थोडंसं पाणी ठेवलं, कारण गोष्टीत "तळाशी थोडंसं पाणी" असतं. मुलं एकेक खडा टाकत गेली. बरणी खड्यांनी गच्च भरली आणि पाणी? वर यायचं नावच नाही. ते खड्यांच्या फटींत जाऊन बसलं होतं. एका मुलीने शांतपणे विचारलं, "ताई, मग कावळा मेला का?"

गोट्यांसारखे साधारण सारख्या आकाराचे गोल दगड नुसते ओतले तर जागेचा ६० टक्क्यांच्या आसपास भाग दगड व्यापतात, उरलेल्या सुमारे ४० टक्के फटी असतात. सुरुवातीचं पाणी या फटी भरण्याइतकंही नसेल तर दगड काठोकाठ भरले तरी पाणी त्यांच्यावर येत नाही. बरणी अर्धी भरून सुरुवात केली की प्रयोग नीट होतो. घरी एकदा करून पाहिलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. (कावळा खरंच असं करतो का, हेही मुलं विचारतात. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी कावळ्याच्या कुळातल्या रूक पक्ष्यांसमोर पाण्याची नळी ठेवली होती. वर तरंगणारी अळी चोचीच्या टप्प्यात यावी म्हणून त्यांनी नळीत दगड टाकले. तेव्हा "हो, त्याचे भाऊबंद करतात" असं बेलाशक सांगा.)

आता कावळ्याच्या घराचं साहित्य. प्रत्येक गटाला:

- तळहाताएवढे तुकडे: वर्तमानपत्र, पुठ्ठा, सुती कापड, प्लास्टिक, झाडाचं ताजं जाड पान, आणि मेणखडूने घासलेला कागद
- मातीची वाळवलेली एक चपटी थापी
- रुंद तोंडाचे प्लास्टिकचे पेले, त्यांवर हे तुकडे छपरासारखे ठेवायला
- पांढरा टिपकागद, पेल्याच्या तळाशी ठेवायला
- ड्रॉपर आणि शाई किंवा खाण्याचा रंग घातलेलं पाणी
- ट्रे आणि दोन कोरडी फडकी

पाणी रंगीत हवंच. साध्या पाण्याने टिपकागद ओला झाला की नाही यावर मुलांची भांडणं होतात. निळा डाग पडला की वाद मिटतो.

तालीम करताना तीन गोष्टी बघा. मेणखडू विरळ घासला असेल तर मधल्या रेघांतून पाणी आत शिरतं आणि चिमणीचं मेण चक्क हरतं. म्हणून कागद दोन्ही दिशांनी दाबून, चकाकी येईपर्यंत घासा. दुसरं, पुठ्ठा दहा थेंबांत भिजेलच असं नाही. किती थेंब आणि किती मिनिटं लागतात ते बघून आकडा ठरवा आणि तोच आकडा सगळ्या वस्तूंना लावा. तिसरं, मातीची थापी पुरती वाळायला दिवस-दोन दिवस लागतात. ती शनिवारीच करून ठेवा.

सावधान: शेण वर्गात आणू नका, त्याच्या जागी माती पुरते. मातीला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचेच. प्लास्टिकची अख्खी पिशवी मुलांच्या हाती देऊ नका, तोंडावर ओढली तर गुदमरण्याचा धोका असतो. तुकडे तुम्हीच कापा. खडे, मणी, बिया वापरणार असाल आणि वर्गात तीन वर्षांखालचं किंवा वस्तू तोंडात घालणारं मूल असेल, तर टिश्यूच्या गुंडाळीच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाणारी वस्तू बाद करा.

## ४. गोष्ट सांगा आणि थांबा (पहिला दिवस)

पुस्तक हातात असलं तरी पहिल्यांदा तोंडीच सांगा. पुस्तक धरलं की नजर पानावर जाते, आणि तुम्हाला मुलांचे चेहरे बघायचे असतात.

मुलं अर्धगोलात, तुम्ही त्यांच्याच उंचीवर. १० मिनिटांहून जास्त सांगू नका. सांगताना एक ओळ अशी हवी जी सगळे मिळून म्हणतील. इथे ती तयारच आहे: कावळा दार वाजवतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड," आणि आतून "थांब, माझ्या बाळाला..." पुढचं काम मुलांनी घालायचं. अंघोळ, पावडर, टोपी, झोप. एका वर्गात चिमणी बाळाचा मोबाइल चार्जिंगला लावत होती. घेऊन टाकायचं.

प्रश्न थोडे, पण मोकळे. "कावळ्याचं घर कशाचं होतं?" याला एका शब्दाचं उत्तर आहे. "पाणी आत आलं तेव्हा कावळ्याने काय काय केलं असेल?" याला वीस उत्तरं आहेत. चित्रांचं पुस्तक वाचून दाखवताना असे खुले प्रश्न विचारले आणि मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत त्याच्याकडे दिलं तर मुलांची भाषा अधिक वाढते, हे मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लहान मुलांच्या पालकांबरोबर काम करून दाखवलं होतं. मूल म्हणालं, "पाणी आलं." तुम्ही म्हणा, "हो, छपरातून झिरपून पाणी आलं. मग?"

आणि प्रश्नानंतर गप्प राहा. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर थांबून बघा, युगासारखे वाटतात. मी मनात "एक चिमणी, दोन चिमण्या, तीन चिमण्या" म्हणते.

आता थांबायची जागा. कावळ्याचं घर वाहून गेलंय, चिमणी आत बाळाच्या कामात आहे, कावळा बाहेर. इथे थांबायचं.

सावधान: थांबताना पात्र *अडकलेलं* असावं, *संकटात* नसावं. "आणि कावळा पावसात कुडकुडत राहिला... उरलेलं उद्या!" असं करून मुलांना घरी पाठवलंत तर दुसऱ्या दिवशी एखादे पालक विचारायला येतात. शेवटचं वाक्य असं ठेवा: "कावळा एका मोठ्या पानाखाली जाऊन बसला. तिथे कोरडं होतं. पण तो विचार करत होता, आता घर कशाचं बांधू?"

पान हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा उपयोग आहे.

चिमणीने दार उघडायला हवं होतं की नको, यावर मुलं तावातावाने बोलतील. बोलू द्या, पण न्यायनिवाडा करू नका. एखाद्या मुलीला चिमणीच्या जागी बसवून इतरांना प्रश्न विचारू द्या. "बाळ रडत होतं, मी काय करू?" असं ती म्हणाली की चर्चा आपोआप खोल जाते. आणि "म्हणून मुलांनो, आपण नेहमी दुसऱ्यांना मदत..." हे वाक्य ओठांवर आलं तर गिळून टाका.

## ५. पत्र येतं, अंदाज बांधले जातात (दुसरा दिवस)

गोष्ट पुन्हा सांगा, त्याच शब्दांत. "कालच तर सांगितली" असं आपल्याला वाटतं, मुलांना नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द दोन प्रकारे ऐकवले: एका गटाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, दुसऱ्याला वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द दोन्हीकडे तितक्याच वेळा कानावर पडले, पण लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या.

मग पत्र. वर्गाच्या दारात एक चुरगळलेला, थोडा भिजलेला कागद: "माझं घर वाहून गेलं. नवं कशाचं बांधू? मला या वस्तू सापडल्या आहेत. कळवा. — कावळा." सोबत वस्तूंची पिशवी. हे पत्र खरं आहे का, असं एखादं मोठं मूल विचारेल. "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणा. मुलांना खरं-खोटं चांगलं कळतं. खेळात उतरायचं की नाही हे ती ठरवतात, आणि बहुतेक वेळा उतरतात.

वस्तू हातात देऊन चोळू द्या, वास घेऊ द्या, वाकवू द्या. मगच अंदाज. मोठ्या कागदावर प्रत्येक वस्तूसमोर दोन रकाने: *टिकेल* आणि *भिजेल*. प्रत्येक मुलाकडे स्वतःच्या खुणेच्या चिठ्ठ्या.

नेहमीची चूक: हात वर करायला लावणं. मुलं प्रश्नाकडे नाही, शेजाऱ्याकडे बघतात आणि वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाच्या मागे सगळे हात जातात. आधी प्रत्येकाने चिठ्ठी मुठीत धरायची, मग एकेकाने येऊन लावायची. नंतर दोघातिघांना विचारा, "तुला असं का वाटलं?"

दुसरी चूक आपल्या चेहऱ्याची. बरोबर अंदाज आला की आपण नकळत "छान!" म्हणतो. झालं, उत्तर फुटलं. दिवसभर एकच वाक्य वापरा: "असं वाटतं होय? बघू या."

## ६. करून बघणं (तिसरा दिवस)

चार-चार मुलांचे गट. एकाने थेंब टाकायचे, एकाने मोठ्याने मोजायचे, एकाने टिपकागद उचलून दाखवायचा, एकाने खूण करायची. पुढच्या वस्तूला कामं बदलायची. ड्रॉपरवरून होणारी भांडणं यानेच थांबतात.

वर्गात तीस मुलं आणि तुम्ही एकट्या असाल तर सात गट एकाच वेळी अजिबात बसवू नका. पाण्याचं टेबल दोन गटांपुरतं ठेवा. बाकीच्यांना ठोकळे, काड्या, पुठ्ठे देऊन "कावळ्याला बसता येईल एवढं घर" उभारू द्या, आणि १२-१५ मिनिटांनी गट फिरवा. कृती त्या दिवशी पुरी झाली नाही तर उरलेले गट चौथ्या दिवशी करतील. घाई केली की मुलं नुसती पाणी ओततात.

क्रम असा:

1. पेल्यात टिपकागद, वर वस्तूचं छप्पर.
2. पेल्यापासून वीतभर उंचीवरून ठरलेले थेंब, सगळ्यांनी मोजत. अंतर आणि संख्या सगळ्या वस्तूंना सारखी.
3. लगेच बघा: पाणी वर बसलंय, मुरलंय की ओघळलंय?
4. छप्पर तसंच ठेवून पाच मिनिटं थांबा. वाळूचं घड्याळ असेल तर उत्तम, नाहीतर एक गाणं दोनदा म्हणा.
5. टिपकागद काढा. निळा डाग आहे का?

चौथा मुद्दा कधीच गाळू नका. लगेच बघितलं तर पुठ्ठा जिंकल्यासारखा दिसतो. थोड्या वेळाने तो मऊ पडतो, फुगतो. "आधी टिकला, मग भिजला" हे मुलांच्या तोंडून येणं हे या आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण आहे, कारण त्यात वेळ आली. मातीचंही तसंच. ती पाणी पिते, मऊ होते, बोट लावलं की चिखल. कावळ्याचं पहिलं घर कसं वाहून गेलं, ते मुलांना बोटाला कळतं.

मेणाच्या कागदावर आणि पानावर पाणी थेंबाथेंबाने गोळा होऊन बसतं. "हे दोघं सारखे कसे?" असं विचारा आणि थांबा, तीन चिमण्या. पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा पातळ थर असतो, हे शेवटी तुम्ही सांगू शकता. पण आधी पान बोटाने चोळून बघू द्या. पहिल्या दिवशी पानाखाली बसलेला कावळा इथे कुणाला तरी हमखास आठवतो. एक मुलगा पेल्यावर नाक टेकवून बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "पाणी मुरलं नाही ताई, नुसतं बसलंय. उठून जाईल." *मुरणं* हा शब्द त्याला मिळाला होता, आणि *बसलंय* त्याने स्वतःचा आणला.

तपासा: तुम्ही किती बोलताय? प्रयोग चालू असताना मुलांपेक्षा तुमचा आवाज जास्त ऐकू येत असेल तर एक पाऊल मागे सरका. "मेण पाण्याला अडवतं, हो ना?" हा प्रश्नच नव्हे. "खालचा कागद कसा दिसतोय?" असं विचारा.

अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं तर, उदाहरणार्थ एका गटाचं प्लास्टिक गळलं तर, "तुमचं चुकलं" म्हणून पुसून टाकू नका. छिद्र होतं का? कडेवरून पाणी गेलं का? पुन्हा करा. कधी कधी त्या दिवशीचा खरा धडा त्या गटाकडेच असतो.

## ७. गोष्टीकडे परत (चौथा आणि पाचवा दिवस)

इथे बऱ्याच जणांचा धागा सुटतो. प्रयोग रंगतो, वेळ संपते, आणि बिचारा कावळा पानाखाली बसलेलाच राहतो. मुलं मात्र त्याला विसरत नाहीत.

चौथ्या दिवशी अंदाजाचा तक्ता आणि टिपकागद शेजारी शेजारी लावा. चुकलेले अंदाज काढून टाकू नका. "मला वाटलं होतं कापड टिकेल, पण..." असं सांगणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त वेळ द्या. मग कावळ्याला उत्तर. प्रत्येक मूल तुम्हाला तोंडी सांगेल आणि तुम्ही लिहाल, *त्याच्याच शब्दांत*. "कावळेदादा पुठ्ठ्याचं नको बांधू तो आधी मस्त असतो मग गळतो" हे असंच लिहायचं. व्याकरण सुधारून छान परिच्छेद केलात तर तो तुमचा झाला. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारा. आपण बोललेलं कागदावर उतरतं, हे मुलं तिथे डोळ्यांनी बघतात. लिहू शकणाऱ्यांनी स्वतः लिहावं, चुकलेल्या वेलांटीसकट.

पाचव्या दिवशी मुलांनी सांगितलेल्या शेवटांचा अभिनय. शिकागोच्या बालवर्गशिक्षिका व्हिव्हियन पेली मुलांच्या सांगितलेल्या गोष्टी लिहून घेत आणि त्याच दिवशी वर्गात करून दाखवत. त्यातली युक्ती साधी आहे: जमिनीवर खडूने चौकोन, तोच रंगमंच. सांगणारं मूल स्वतःची भूमिका निवडतं, तुम्ही गोष्ट वाचता, बाकीचे करतात. पोशाख, मुखवटे, पालकांसमोर सादरीकरण यांतलं काहीही नको. मुखवटे बनवण्यात दोन दिवस गेले की काम मुलांच्या हातून सुटून आपल्या हाती येतं. लाजाळू मुलाला पाऊस करा. पावसाला बोलावं लागत नाही, पण त्याच्याशिवाय काहीच घडत नाही.

शेवट वेगवेगळे निघतील. एकात कावळा पानांचं घर मेणाने सांधतो, एकात चिमणी दार उघडते, एकात दोघं मिळून प्लास्टिक शोधायला जातात. मूळ शेवट कोणता, असं विचारलं तर सांगा. घरोघरी तो वेगळाच सांगितला जातो, हेही सांगा. पण "बरोबर शेवट" म्हणून सांगू नका.

## ८. नोंदी ठेवा, पण प्रश्नपत्रिका नको

छापील कागदावर "टिकणाऱ्या वस्तूला गोल करा" असं देऊन काय कळणार? मुलाला चित्र ओळखता आलं, एवढंच. त्यापेक्षा खिशात छोटी वही ठेवा आणि रोज पाच-सहा मुलांबद्दल एकेक ओळ लिहा. आठवड्यात वर्ग होतो. बघायच्या गोष्टी तीनच: अंदाजाला कारण दिलं का, दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं सांगता आलं का, आणि पाच शब्दांपैकी कुठला आपणहून वापरला.

"छान सहभाग घेतला" ही नोंद नव्हे. "थेंब मोजताना आठनंतर थांबला, शेजारणीने दहापर्यंत नेलं, 'झिरपलं' म्हणाला" ही नोंद. पुढच्या वेळी त्याला मोजायचं काम आधी द्यायचं, हे त्यातून कळतं.

वर्ग पकडच घेत नसेल, म्हणजे दुसऱ्या दिवशी पत्र वाचूनही मुलं इकडेतिकडे बघत असतील, तर पाच दिवस रेटू नका. अडचण त्यांची झालेली नाही. मुलांनाच विचारा, "गोष्टीतलं तुम्हाला काय बघायचंय?" एकदा उत्तर आलं होतं, "चिमणीचं बाळ कुठे झोपतं?" मग आठवडाभर आम्ही घरटी विणली, पाणी बाजूलाच राहिलं.

आणि कावळ्याचं उत्तर लिहायला विसरू नका. मुलांनी पत्र पाठवलंय म्हणजे ती वाट बघणार. ते आठवड्याच्या आत यायला हवं, त्यात मुलांनी सुचवलेल्या एखाद्या गोष्टीचा नावानिशी उल्लेख हवा, आणि अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी. माझं पहिल्याच ओळीत ओळखलं होतं: "ताई, कावळा 'क' तुमच्यासारखाच काढतो."